खंडेनवमीचा राउटर

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी म्हणायला नको की बाई स्वतःला फार साळसूद दाखवते आहे. थोडाथोडका नव्हे, पोटात दुखेल इतका. आणि हेवा कशाचा, तर साड्यांचा नाही, दागिन्यांचा नाही, नवऱ्याचा तर मुळीच नाही, माझे भावजी मला चांगले माहीत आहेत. हेवा नेटवर्किंगचा. हे सांगितलं तर शाळेतल्या बायका हसतात, पण आहे ते असं आहे.

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. घरात सासूबाई, मामंजी, आम्ही दोघं आणि धाकटे भावजी-जाऊ. सासऱ्यांना मामंजी म्हणायची पद्धत पुण्याकडे कधीच गेली म्हणतात, आमच्याकडे अजून आहे. मी एका खाजगी हिंदी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. शिकवते म्हणजे काय, मुलं पेंटमध्ये झोपडी काढतात, तिला लाल रंग भरतात आणि घंटा वाजते. मग ऑफिसातला प्रिंटर अडकला की "मॅडम को बुलाओ", निकालपत्रकं टाइप करायची असली की "मॅडम को बुलाओ". अकरा वर्षं हे केलं. चाळिशी आली तेव्हा वाटलं, पुरे झालं, आता स्वतःसाठी काहीतरी करायचं.

तेव्हा मी घरी बसून करायचा नेटवर्किंगचा कोर्स घेतला. हिंदीतले व्हिडिओ, उशीसारखं जाड पुस्तक, आणि शेवटी इंदूरच्या सेंटरवर जाऊन द्यायची परीक्षा. पास झालं की कुठल्याही कंपनीत दाखवता येईल असं सर्टिफिकेट. पण हे शिक्षण नुसतं वाचून होत नाही, डबे हाताने जोडून बघावे लागतात. पीथमपूरला कुठलंसं ऑफिस बंद झालं, तिथला जुना राउटर आणि दोन स्विच माझ्या भावाने धारहून मला आणून दिले. स्विच म्हणजे एका खोलीतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी, आणि राउटर म्हणजे या खोलीचा निरोप त्या खोलीत पोचवणारी. ते मी आमच्या खोलीत टेबलावर मांडले. चालू केले की पंख्यांची अशी घरघर व्हायची की सासूबाई बाहेरून टीव्हीचा आवाज वाढवायच्या. त्या त्यांना "मोठीचे डबे" म्हणायच्या. मला ते आवडायचं. घरात एक गोष्ट अशी होती जी फक्त माझी होती.

जाऊ कुक्षी गावची, धारच्याही पलीकडची. हिंदीत बी.कॉम. झालेली. मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. मराठी लग्नपत्रिका आली की माझ्यापुढे धरते, "वहिनी, किसकी है, कधी आहे, सांगा ना." मी वाचून दाखवायची आणि मनातून तिला जरा कमीच लेखायची. चार वर्षं अशीच गेली, आणि बरी गेली.

मी दुपारी अभ्यासाला बसले की ती मटार घेऊन शेजारी येऊन बसायची. एकदा म्हणाली, "ये सबनेट क्या होता है, वहिनी?" मला इतकं बरं वाटलं. अकरा वर्षांत शाळेत मला कोणी मनापासून काही विचारलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, "अगं, समज संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोनशे छप्पन्न बायका आल्या. सगळ्या एकाच खोलीत बसवल्या तर कोणाचं कोणाला ऐकू येणार? म्हणून चार खोल्या केल्या, चौसष्ट-चौसष्टच्या. प्रत्येकीला नंबर. पहिल्या खोलीत शून्य ते त्रेसष्ट, दुसरीत चौसष्ट ते एकशे सत्तावीस. प्रत्येक खोली म्हणजे एक सबनेट."

"और दरवाजे पे जो खडी है, इधर की बात उधर पहुंचाने को, वो राउटर," ती म्हणाली.

मी हसले, तिला शाबास म्हटलं. रोज थोडं थोडं शिकवायला लागले. माझ्या सुंदर वहीतली चित्रं दाखवायची, चार रंगांच्या पेनांनी काढलेली. ती आपल्या वहीत पेन्सिलने गिचमिड करायची. मला ती गिचमिड बघून समाधान व्हायचं, हेही लिहून ठेवते.

मग एक दिवस असा आला की माझे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनात. दोन संध्याकाळी मी वायरी काढल्या, घातल्या, पुस्तक उलटंपालटं केलं. तिसऱ्या दिवशी ती कणकेचे हात घेऊन दारात उभी राहिली, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, इसको चौसठ का मोहल्ला दिया है और उसको बत्तीस का. त्याला वाटतंय समोरचा परक्या मोहल्ल्यातला आहे." मी बघितलं. खरंच होतं. एका आकड्याची चूक.

"मी मुद्दामच टाकलं होतं," मी म्हटलं. "तुला कळतं का बघत होते."

ती खूश होऊन कणीक मळायला गेली. आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

त्यानंतर मी आठ दिवस धारला गेले, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत आले तर काय, माझ्या टेबलावर माझे डबे वेगळ्याच तऱ्हेने जोडलेले. तीन धडे पुढे गेली होती बाई. मी जे धडे दोनदा वाचून सोडून दिले होते, ते. "वहिनी, तुमची वाट बघणार होते, पण राहवलं नाही," म्हणाली. मी "बरं केलंस" म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहिले. एवढा राग आला होता. बरं, राग कशाचा? तिने काही फोडलं नव्हतं, मोडलं नव्हतं. उलट वायरी माझ्यापेक्षा नीट बांधल्या होत्या.

त्यात मामंजींची भर. मामंजी तहसिलीत नकाशे आणि खसरे सांभाळून रिटायर झाले. खसरा म्हणजे शेताचा नंबर, आणि पंधरा-वीस गावांचे असे नंबर त्यांना अजून तोंडपाठ आहेत. आकड्यांत चुकणाऱ्या माणसाला ते माणूस समजत नाहीत. जाऊ पोळ्या लाटता लाटता तोंडी हिशेब करायची, एकशे बावन्न नंबरचा माणूस कुठल्या खोलीत बसेल, आणि मामंजी ऐकत बसायचे. एकदा जेवताना म्हणाले, "धाकटीला गणित आहे." सोळा वर्षं मी त्या घरात आहे. माझ्याबद्दल त्यांनी एवढंच म्हटल्याचं आठवतं की मोठीच्या आमटीला चव आहे.

आता नोकरीचं सांगते, कारण खरा घोळ तिथेच आहे. इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळायला एक जागा निघणार होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तिथे ऑफिसात आहे, तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दिवाळी के पहले सर्टिफिकेट ले आओ मॅडम, उमर की कोई नहीं पूछेगा." एकच जागा. ती जागा म्हणजे माझं शाळेतून सुटणं. आणि मी मूर्खासारखी ते घरी सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले.

सगळे म्हणाले, तारीख घे. मी घेतली नाही. अजून एक धडा, अजून एकदा उजळणी, करत करत श्रावण गेला, गणपती गेले. खरं म्हणजे मी घाबरत होते. जाऊ घाबरली नाही. तिने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घेतली आणि मला येऊन म्हणाली, "वहिनी, तुम्ही पण घ्या ना, दोघी जाऊ." मी म्हटलं, "माझं मी बघीन." त्या दिवसापासून मी तिला शिकवणं बंद केलं. शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलंही नव्हतं.

आमच्याकडे खंडेनवमी फार कडक. पूर्वजांनी कोणा सरदाराच्या पदरी तलवार चालवली होती म्हणे, आता कट्यार उरली आहे एक, तीही म्यानातून निघत नाही. पण नवमीला ती, विळी, कात्री, शिवणयंत्राची चाकी, मामंजींची जमीन मोजायची साखळी, भावजींचे पाने-पकडी, स्कूटरच्या किल्ल्या, सगळं पाटावर मांडतात. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत त्यातल्या वस्तूला हात लावायचा नाही. भाजी अष्टमीलाच चिरून ठेवतात. एका नवमीला मामंजींचं बोट कापलं तर त्यांनी पट्टी दातांनी फाडली होती, पण कात्री उचलली नव्हती. असं हे घर.

त्या नवमीला मी सगळ्यांच्या आधी उठले. अंघोळ केली. पाट मांडला, आणि त्यावर राउटर ठेवला. शेजारी दोन्ही स्विच, निळी वायर, जावेचा लॅपटॉप, तिची गिचमिडीची वही. हळदकुंकू वाहिलं. जाळीतून अक्षता आत जाऊ नयेत म्हणून वर झेंडूचं फूल ठेवलं, कारण डबे शेवटी माझेच होते ना. सासूबाई आल्या, बघून गहिवरल्या. "किती सुचतं गं तुला. विद्याच आहे ती, तिची पूजा व्हायलाच हवी."

मी हे भक्तीने केलं असं मी स्वतःलाही सांगितलं होतं. खोटं. मला तिचे ते दोन दिवस हवे होते. शेवटच्या दोन दिवसांत ती डबे जोडून सगळं परत करून बघणार होती, ते मला होऊ द्यायचं नव्हतं. दिवाळीपर्यंत जागा रिकामी राहील आणि मी तारीख घेईन, एवढंच डोक्यात होतं.

जाऊ केस पुसत बाहेर आली आणि पाटापुढे थबकली.

"वहिनी, हे आज..."

"अगं, नवमी नाही का," मी म्हटलं.

"कब तक?"

"उद्या उत्तरपूजा झाली की उचलायचं."

ती पाटाकडे बघत राहिली. खूप वेळ बघत होती. मी निरांजनाची वात सारखी केली, तिच्याकडे पाहिलं नाही. मग ती चहा ठेवायला गेली. मला वाटलं, रडेल, नाहीतर भावजींना सांगेल. तसलं काही झालं नाही. फोनवर व्हिडिओ बघायचा प्रयत्न तिने केला, पण टेकडीवर देवीला आलेल्या गर्दीमुळे नवरात्रात आमच्या भागातलं नेट बैलगाडीने येतं. फोन बाजूला ठेवून दिला.

दुपारी ती सासूबाईंना म्हणाली, "आई, पूजेपुढे मोठी रांगोळी काढू?" कोण नाही म्हणणार? तिने रांगोळीचा डबा घेतला आणि पाटापुढच्या फरशीवर बसली. बघते तर काय, ही नेटवर्क काढतेय. मध्ये राउटर, त्याला दोन फांद्या, प्रत्येक फांदीवर खोल्या, खोल्यांत कुंकवाने आकडे. वस्तूला हात लावायचा नाही, पण रांगोळी काढायला कोणत्या शास्त्राची ना आहे? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जो दरवाजा बंद केला होता, त्याच्याच उंबऱ्यावर बसून ती अभ्यास करत होती, आणि सासूबाई कौतुकाने तिला रंग आणून देत होत्या.

मी वाकून बघितलं. आणि मला चूक दिसली. एका खोलीला तिने चौसष्ट ते एकशे सत्तावीस दिले होते आणि दुसरी खोली शहाण्णवपासून सुरू केली होती. दोन खोल्या एकमेकींवर चढल्या होत्या. असला प्रश्न परीक्षेत हमखास येतो. मी सरळ उभी राहिले, पदर खोचला आणि म्हटलं, "छान झालीय हो." मग दिवाणखान्यात जाऊन बसले. तिथून दिसत होतं सगळं.

थोड्या वेळाने मामंजी वर्तमानपत्र घेऊन आले, चष्मा वर केला, रांगोळी वाचली. त्यांना नेटवर्कमधलं ओ की ठो कळत नाही. म्हणाले, "का गं, चौसष्ट ते एकशे सत्तावीस ह्याचं, मग शहाण्णव त्याला कसा दिलास? एका खसऱ्याला दोन मालक?" तिने हाताने ती खोली पुसली आणि एकशे अठ्ठावीसपासून नवी काढली. संध्याकाळपर्यंत सून आणि सासरा दोघं तिथेच बसून होते. ती रांगोळी पुसायची, नवी काढायची, आणि ते तिच्या शेतांच्या हद्दी तपासायचे. मी रात्रीच्या स्वयंपाकाला लागले आणि आमटीत मीठ दोनदा घातलं.

दसऱ्याला उत्तरपूजा साडेअकराला झाली. त्यानंतर सोनं द्यायला येणाऱ्यांची रीघ, मोहल्ल्यातले, मामंजींच्या ऑफिसातले, लहान-मोठे. चहाचा ट्रे मी प्रत्येक वेळी तिच्याच हातात दिला. तेही लिहून ठेवते.

परीक्षेच्या दिवशी भावजींना सुट्टी मिळाली नाही. सासूबाई म्हणाल्या, "मोठी, तू जा सोबत. तूच गुरू तिची." गेले. इंदूरला एका दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर ते सेंटर होतं. तिला आत घेतलं, मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. दोन तास. माणूस अशा वेळी जप करतो, मीही केला. देवा, हिला नापास कर. फार नको, चार-सहा मार्कांनी. पुन्हा बसेल, पास होईल, काही बिघडत नाही. फक्त दिवाळीच्या आधी नको. असं मी दोन तास देवाला समजावत होते.

ती बाहेर आली, हातात कागद होता. निकाल तिथल्या तिथेच देतात. पास. नुसती पास नाही, चांगली पास. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "छान झालं," म्हटलं.

देवासची बस मिळाली, शेजारी शेजारी जागाही मिळाली. तिने घरी फोन केला, भावजींना केला. कुक्षीला आईला केला तेव्हा थोडी रडली. मग फोन पर्समध्ये ठेवला. बस शहराबाहेर पडली.

"वहिनी, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"नवमीला पूजेत तुमची वही का नव्हती?"

माझी वही. चार रंगांची, प्लास्टिकचं कव्हर घातलेली. ती कपाटात होती, साड्यांच्या खाली. इतका सगळा विचार केला होता मी, फुलाचासुद्धा केला होता, आणि हे एकदाही मनात आलं नव्हतं. विद्येचीच पूजा करायची होती तर आधी माझी वही नको का मांडायला?

"राहून गेली," मी म्हटलं.

"मला पण आधी तसंच वाटलं." ती समोरच्या सीटकडे बघत बोलत होती, आवाज अगदी रोजचा. "मैंने सोचा था वहिनी, पास झाले तरी त्या कंपनीत अर्ज नाही करायचा. शिकवलं तुम्ही, डबे तुमचे, खबर पण तुम्हीच आणली. तुम्ही दिवाळीपर्यंत पेपर द्याल, जागा तुमची. मला तर फक्त बघायचं होतं, होतं का माझ्याने. ह्यांना पण सांगून ठेवलं होतं मी." तिने मांडीवरची पर्स सरळ केली. "मग नवमीला सकाळी ते सगळं बघितलं. मी त्यात तुमची वही शोधली. दोनदा शोधली."

कंडक्टर आला, तिने दोन तिकिटं काढली, मला पर्स उघडू दिली नाही.

"अब भर दूंगी फॉर्म," ती म्हणाली.

ती चिडून बोलली असती तर मी भांडले असते. भांडण मला येतं, सोळा वर्षांची तयारी आहे माझी. पण तिने माझं तिकीट माझ्या हातात दिलं आणि पर्स मिटली. घरी सासूबाई औक्षणाचं तबक घेऊन दारातच उभ्या होत्या. तिला ओवाळलं, मग मलाही ओवाळलं. "मोठीने डबे पूजेत ठेवले म्हणून हो," म्हणाल्या. जावेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, वाकून त्यांच्या पाया पडली, मग माझ्या पडली.

दिवाळीनंतर ती त्या कंपनीत लागली. सकाळी कंपनीची बस नाक्यावर येते, ती डबा घेऊन निघते, मी शाळेची घाई करत असते. तिचा हेवा अजून वाटतो. नोकरीचा वाटतो, पगाराचा वाटतो, मामंजी तिला रोज काहीतरी विचारतात त्याचा तर फारच वाटतो. पण सगळ्यांत जास्त हेवा वाटतो तो अष्टमीपर्यंत तिच्या मनात जे होतं त्याचा. ती जागा ती मला देऊन टाकणार होती. माझ्या हातात असती, तर मी तिला दिली नसती.